मनोरीचा सांधा : फील्ड ट्रेनिंगच्या नोंदी, जानेवारी–फेब्रुवारी २०२५

३ जानेवारी, शुक्रवार

भूशास्त्राच्या टी.वाय.ची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, मुलं चौदा. कपाटातून सामान काढून मोजलं : क्लायनोमीटर कंपास (दिशा आणि उतार दोन्ही मोजणारे) पाच, भिंगं आठ, हातोडे सहा, टेप दोन. ॲसिडच्या बाटल्यांची बुचं गंजलेली, नवी घ्यायला हवीत. पाचांपैकी एका कंपासची सुई अडखळते. टिचकी मारली की चालते, म्हणून तो मी स्वतःकडे ठेवणार.

मुंबईत फील्ड शिकवायचं म्हणजे आधी उघडा खडक शोधायचा. सगळ्या शहराखाली लाव्हाच आहे, पण तो डांबराखाली, टॉवरच्या पायाखाली, नाहीतर सिमेंटचा फवारा मारलेल्या उताराआड. खात्रीने मोकळा खडक मिळतो तो समुद्राच्या काठी, तोही ओहोटीला. त्यामुळे वेळापत्रक कॉलेजच्या नव्हे, चंद्राच्या हिशेबाने लावलं.

हिशेब जुनाच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अमावास्या-पौर्णिमेला भरती भर दुपारी, म्हणजे ओहोटी पहाटे सहाला. तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, पण अंधारात काय मोजणार? अष्टमीला ओहोटी बाराला, वेळ सोयीची, पण तो भांग, पाणी धड मागे सरतच नाही. मधला मार्ग म्हणजे चतुर्थी : चार पाऊणे तीन, तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी, आणि उधाणाचा जोरही थोडा उरलेला. १७ तारखेला संकष्टी आहे. ठरलं, मालाडपलीकडचा मनोरीचा किनारा.

मस्जिद बंदरहून परीक्षेचे पॅड पंधरा आणले, घाऊक भावात. मागच्या वर्षी मुलं वह्या मांडीवर घेऊन लिहीत होती आणि पानं ओली होत होती.

६ जानेवारी, सोमवार

कंपास तपासायला गच्चीवर गेले आणि पहिल्या दहा मिनिटांत पाचही कंपासांनी पाच उत्तरा दाखवल्या. स्लॅबमधल्या सळया. मैदानात, क्रिकेटच्या पिचपाशी आले तर पाचही एका अंशाच्या फरकाने जुळले. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच असतो, त्यामुळे दुरुस्तीचं लचांड नाही.

मुलांसाठी फळ्यावर यादी लिहिली : कंपास वापरताना मोबाइल, किल्ल्या, हातोडा, कडं, पट्ट्याचं बक्कल लांब. बेसॉल्टमध्ये (इथल्या काळपट लाव्हाच्या खडकात) मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, तेव्हा खडकाचाही थोडा संशय धरा. यादी चांगली होती. तिच्यात काय राहिलं ते पुढे येईलच.

९ जानेवारी, गुरुवार

मैदानावर सराव. प्लायवूडची फळी विटांवर तिरपी टेकवली आणि तिच्यावर बाटलीतून पाणी ओतलं. पाणी ज्या बाजूने घरंगळलं ती डिपची, म्हणजे थराच्या उताराची, दिशा, तिला काटकोनात ती स्ट्राइक. व्याख्या पाठ करून तीन वर्षं झालेल्या मुलांच्या चेहऱ्यावर ‘एवढंच?’ असं आलं. एवढंच.

नेहमीचा गोंधळ याही वर्षी झाला. कंपासच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम उलट छापलेल्या असतात. रोल नंबर ४ म्हणाली, ‘मॅडम, हा डिफेक्टिव्ह पीस आहे.’ तिला कंपास हातात धरून स्वतःभोवती फिरायला लावलं. सुई जागच्या जागी राहते, फिरते ती डबी. उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळलं की सुई तबकडीच्या डाव्या बाजूला येते, म्हणून पूर्व तिथे लिहिलेली. तिसऱ्या गिरकीला कळलं.

स्ट्राइक उत्तरेपासूनच्या अंशांत, नेहमी तीन आकडी लिहायची, डिप दोन आकडी. ०४५ आणि ४५ यांत घोटाळा होता कामा नये. फळी १५ अंशांवर होती, पण स्ट्राइकशी ४५ अंशांच्या कोनातून कापून पाहिली तर उतार जेमतेम ११ भरतो. रस्त्याच्या कापात दिसणारा उतार खरा असेलच असं नाही, हे गणिताने सांगण्यापेक्षा फळीवर लवकर पटतं.

वहीचे नियम : डाव्या पानावर फक्त जे दिसलं ते. उजव्या पानावर त्यावरून काय वाटलं ते. खोडरबर बंदी. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही.

११ जानेवारी, शनिवार

फोर्टमध्ये पायी फेरी. हातोडे न घेता गेलो, कारण इथला खडक कोणाच्या तरी भिंतीत आहे.

राजाबाई टॉवर (बांधून पूर्ण १८७८) लांबून पाहिला, पिवळसर कुर्ला स्टोनचा. वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळट ट्रॅकाइट (तोही लाव्हाचाच, पण फिका खडक) दोन्ही एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे शिकवायला याहून सोयीची जागा नाही. भिंतीपासून वीतभर अंतरावर भिंग धरून चौदा जण उभे. रखवालदार दोनदा येऊन विचारून गेला की काही हरवलंय का. बेसॉल्टमध्ये कण दिसतच नाहीत, ट्रॅकाइटमध्ये फेल्स्पारचे पांढरट ठिपके नीट पाहिलं तर सापडतात. सिलिका जास्त म्हणून रंग फिका, असं रोल २ने डाव्या पानावर लिहिलं. सिलिका दिसली का? नाही. मग उजव्या पानावर.

गेटवेला ‘पिवळा बेसॉल्ट’ असं पुस्तकांतून छापलेलं असतं. दगड खारोडीचा, म्हणजे मालाडहून मार्व्याला जाताना लागते तीच खारोडी. मला तो ट्रॅकाइटच्या कुळातला वाटतो. मुलांना माझं मत सांगितलं नाही, भिंग दिलं. आठ जण ट्रॅकाइट म्हणाले, पाच बेसॉल्ट, एक जण कबुतरांकडे बघत होता.

फ्लोरा फाउंटनपाशी थोडी घबराट. कारंजं इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंडच्या चुनखडीचं, हे मी बोलून गेले आणि रोल ९ने खिशातून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली काढून बूच फिरवायला घेतलं. ‘मॅडम, फसफसतं का बघूया.’ बाटली जप्त. १८६४ सालच्या कारंजावर ॲसिड टाकल्याची बातमी कशी छापली गेली असती, या विचाराने व्हीटीपर्यंत पाय जड झाले होते.

१५ जानेवारी, बुधवार

कॉलेजच्या मागच्या गल्लीत जुनी चाळ पाडून पाया खणतायत. सुपरवायझर दादांना विचारून बाहेर टाकलेल्या डबरावर हातोड्याचा सराव केला. शहरात ताजा, हवा न लागलेला खडक पाहायचा असेल तर पाया खणतात तिथे उभं राहावं. वरचा थर मुरूम, हाताने चुरतो. खालून काळा, कुरकुरीत आवाजाचा बेसॉल्ट.

गॉगल लावायचे, समोर कोणी उभं राहायचं नाही, कोपऱ्यावर मारायचं, मध्यावर नाही. रोल ७ने पंधरा मिनिटं एकाच धोंड्याच्या पोटावर घण घातल्यासारखे घाव घातले, धोंडा तसाच. रोल १३ने कडेला दोन टोले दिले आणि तो उघडला. आत लिंबाएवढी पोकळी, तिच्यात पांढरे स्फटिक, सुईसारखे. झिओलाइट. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याची ही जागा, पुढे गरम पाण्यातून भरलेली. कांदिवलीच्या क्वारीतून याच तऱ्हेने मिळालेले ओकेनाइट आणि प्रेहनाइटचे नमुने जगभरच्या संग्रहांत गेले. क्वारी आता इमारतींच्या गर्दीत गेली. मुलांनी तो तुकडा कागदात गुंडाळून लेबल लावलं : तारीख, गल्ली, खोली विचारून घेतली ती, कोणी फोडला. लेबल नसलेला नमुना म्हणजे नुसता दगड.

संक्रांतीचा तिळगूळ कालचा उरला होता, तो डबराच्या ढिगावर बसून संपवला. पॅड वाटले.

१७ जानेवारी, शुक्रवार. मनोरी. संकष्टी.

सव्वासहाला मालाड स्टेशन. तेराजण वेळेवर, रोल ११ पॅड घरी विसरला म्हणून तोंड पाडून आला. बसने मार्वे, मग बोट. बोटीत कळलं की निम्म्या वर्गाला उपास आहे आणि त्यांच्या डब्यात फक्त वेफर्स.

आठच्या आत खडकावर. पाणी छान मागे गेलेलं. फिकट ट्रॅकाइट आणि त्याच्यात काळ्या बेसॉल्टचे गोळे. मनोरी–गोराईचा हा पट्टा त्यासाठीच माहितीतला आहे. लाव्हाच्या इतिहासात हा उशिराचा अंक, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागेचा, घाटावरचे मोठे थर साचून झाल्यानंतरचा.

रोल ५ने बघताक्षणी वहीत ‘झेनोलिथ’ लिहिलं, म्हणजे वाटेत सापडून आत अडकलेला परका दगड. तिला गोळ्यांच्या कडा काढायला सांगितल्या, शब्द नको, चित्र. वीस मिनिटं बसली. कडा गोलसर, वेड्यावाकड्या, एके ठिकाणी फिका खडक काळ्यात जिभेसारखा घुसलेला. घट्ट दगड तुटून पडला असता तर कोपरे टोकदार राहिले असते. इथे दोन्ही रस एकाच वेळी पातळ होते, एकमेकांत पूर्ण न मिसळता घोटाळले. बेसॉल्ट जास्त तापमानाला वितळतो, त्यामुळे ट्रॅकाइटच्या रसात शिरल्यावर तोच आधी आळला. तिने ‘झेनोलिथ’वर एक रेघ मारली, सही केली. आजच्या दिवसात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

स्टेशन ३ला, म्हणजे मापं घ्यायच्या तिसऱ्या जागी, एक मोठा सांधा (खडकाला गेलेली सरळ भेग) आहे, दीड पुरुष उंच, सरळ कापल्यासारखा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे त्याची स्ट्राइक आणि डिप घ्यायची, शेजाऱ्याच्या वहीत बघायचं नाही. पृष्ठभाग खडबडीत, म्हणून त्यावर पॅड सपाट टेकवा आणि पॅडला कंपास लावा, म्हणजे लहान खड्ड्यांचा परिणाम जातो, असं मीच सांगितलं. रोल ११ने पिशवीतून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला.

मी स्वतः रीडिंग घेणार होते, इतक्यात रोल ८ शेवाळावरून घसरली आणि हात कालवांवर आपटला. तळव्याला तीन इंच चीर. कालवाची धार ब्लेडसारखी असते. पलीकडे कालवं काढत बसलेल्या मावशी पहिल्यांदा पोचल्या, गोड्या पाण्याची बाटली ओतली, ‘आत शिंपीचा कण राहिला तर पिकेल गो’ म्हणून चीर उघडून पाहिली. प्रथमोपचाराची पेटी माझ्या पाठीवर होती पण निर्जंतुक पट्टी तिच्यात एकच. पुढच्या वेळी पाच. गावातल्या दवाखान्यात दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. सोबत मी गेले, मुलांना मावशींच्या भरवशावर सोडून.

परत आले तेव्हा सव्वादहा झाले होते आणि मावशींनी सगळ्यांना वर काढून वाळूत बसवलं होतं. ‘आज चवथ. पाणी वळलंय मघाच. तुमची पोरं मापं घेत बसली असती.’ स्टेशन ४ आणि ५ राहिली.

१८ जानेवारी, शनिवार

वह्या तपासल्या. स्टेशन ३ची चौदा रीडिंगं कागदावर मांडली. स्ट्राइक बहुतेकांची ०२५ ते ०४०, एकाची ०५२, एकीची ३४६, रोल ११ची ००८. एकाच सांध्याची! संध्याकाळी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला : निष्काळजीपणा, मैदानावर आठ दिवस काय केलं, वगैरे. रोल ११च्या आकड्यावर लाल फुली मारली, शेरा : ‘बहुमतापासून फार लांब. पुन्हा बघ.’ खडकाबाबत बहुमत हा शब्द मी लिहिला, हे आज वाचताना अंगावर येतं, पण या वहीलाही खोडरबर बंदी आहे.

२० जानेवारी, सोमवार

रात्री झोपेत आलं नाही, सकाळी चहा गाळताना आलं. स्ट्राइक इतकी विस्कटलेली, पण डिप? पुन्हा वह्या काढल्या. डिप चौदाही जणांची ७० ते ७४. हात थरथरत असते, नजर चुकत असती, तर डिपही विस्कटली असती. डिप मोजतो तो लंबक, त्याला फक्त गुरुत्वाकर्षण कळतं. स्ट्राइक मोजते सुई. म्हणजे मुलं ठीक होती, सुईला काहीतरी ओढत होतं.

खडकातला मॅग्नेटाइट? मग रोल ११लाही ओढ लागायला हवी होती. त्याच्याकडे काय नव्हतं?

पॅड.

लॅबच्या लाकडी टेबलावर कंपास ठेवला आणि पॅड हळूहळू सरकवला. क्लिप वीतभर लांब असताना सुई जेमतेम दोन अंश हलली. चार बोटांवर आली तर बारा. दोन बोटांवर, तीस. क्लिप पोलादी आहे, वर दुकानात कुठल्याशा चुंबकाशेजारी राहिली असावी, कारण दोन पॅड सुईला ओढतात आणि एक चक्क ढकलतो. ३४६वाली कोण ते कळलं. ज्याने कंपास क्लिपच्या जितका जवळ लावला तितकी त्याची चूक. माझ्या ६ तारखेच्या यादीत कडं होतं, बक्कल होतं, पॅड नव्हता. आणि पॅड मी आणले, मी वाटले, पॅडला कंपास लावा असंही मीच सांगितलं.

ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला, पहिल्याहून लहान. सव्वा मिनिटात रोल ९चं उत्तर : ‘मॅडम, ॲसिडची बाटली परत मिळेल का मग?’

२५ जानेवारी, शनिवार

कान्हेरी. सोमवारी उद्यान बंद असतं म्हणून शनिवार, आणि शनिवारी गर्दी. इथे हातोडा, नमुना, ॲसिड काही नाही, फक्त डोळे, दोरी आणि वही. शंभराहून जास्त लेणी ज्या खडकात कोरली तो एकसंध बेसॉल्ट नाही, ज्वालामुखी ब्रेचिया आहे : दगडात दगड. लेण्यांबाहेरच्या मोकळ्या कातळावर अर्धा मीटर दोरीचा चौकोन टाकून आतले तुकडे मोजायला लावले. लांबी, टोकदार की गोलसर, कुठल्या खडकाचा. सगळ्यात मोठा तुकडा ३४ सेंटीमीटर, लहान मोजता मोजता कंटाळा. टोकदार जास्त, म्हणजे लांबून वाहत, घासत आलेले नाहीत. हे मुलांनी स्वतः उजव्या पानावर लिहिलं, मी काही बोलले नाही. मनोरीचे गोळे आणि हे तुकडे शेजारी काढून रोल ५ने दाखवले.

पाण्याच्या पोढींपाशी जेवण. माकडाने रोल १०चं थालीपीठ नेलं.

२८ जानेवारी, मंगळवार

गिल्बर्ट हिल, अंधेरी पश्चिम. दोन तासांचं काम. ६१ मीटर उंच, बेसॉल्टचे उभे खांब, खाली वस्ती अगदी पायाला टेकलेली, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. १९५२पासून कागदोपत्री संरक्षित. पायथ्याचा खडक तरीही किती खाल्ला गेलाय ते दिसतंच.

खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. खांब उभे, म्हणजे थंड होणारा पृष्ठभाग आडवा होता. इतकं डाव्या-उजव्या पानांत बसतं. मूळ आकार काय होता, ज्वालामुखीची नळी की दुसरं काही, यावर वाद आहे, मुलांना वाद म्हणूनच लिहायला लावलं. ‘असा डोंगर जगात फक्त तीन ठिकाणी’ हा फॉरवर्ड प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांचे खांब दाखवले, आयर्लंडचे दाखवले, यवतमाळचे दाखवले. फॉरवर्ड डिलीट करा म्हटलं, कोणी केला असेल असं वाटत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. पुन्हा मनोरी.

वसंत पंचमी. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहा. माघी गणपती काल बसले, दीड दिवसांचे आज जाणार, त्यामुळे अकराच जण. रोल ८ आली, टाके निघालेत, हातात रबरी मोजा. पट्ट्या पाच नेल्या, एकही लागली नाही.

पॅडच्या क्लिपा शिपाईदादांनी पकडीने उपटून काढल्या होत्या. जागी लाकडी कपड्याचे चिमटे, त्यांच्यातही बारीक स्प्रिंग आहे हे बोटीत लक्षात आलं. तेही काढले. शेवटी रबरबँड.

स्टेशन ३ला या वेळी पहिलं रीडिंग मी घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. अकरा जणांची आली : ००६ ते ०११. माझं ००९. डिप ७१ ते ७३. मग मुद्दाम एक क्लिपवाला पॅड आणला होता तो टेकवून प्रत्येकाला सुई पाहायला लावली. रोल ४ने क्लिप जवळ-लांब करत दर दोन बोटांवर आकडा लिहिला, न सांगता, आणि आलेख काढला. स्टेशन ४ आणि ५ पूर्ण. मावशी होत्या, रोल ८चा तळवा उलटसुलट करून पाहिला आणि ‘बरा भरलाय’ म्हणाल्या. पाणी वळल्याचं यावेळी मुलांनीच त्यांना सांगितलं. त्या हसल्या, त्यांनी दहा मिनिटं आधीच टोपली उचलली होती.

रोल ११ नव्हता. त्याच्याकडे दीड दिवसांचा गणपती. वही मात्र माझ्याकडे तपासायला होतीच. बोटीत उघडली, १७ तारखेच्या पानावर ००८ आणि त्यावर माझी लाल फुली. फुलीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही आणि तारीख.